चित्र भिंतीवरून कोण उतरवतं?

दुधनी म्हणजे महाराष्ट्राचं टोक. अक्कलकोट तालुक्यातलं, रेल्वेमार्गावरचं, बाजार समितीचं गाव. थोडं पुढं गेलं की कर्नाटक सुरू होतं. इथल्या बाजारात एकच माणूस दुकानदाराशी कानडीत, हमालाशी दखनीत आणि सरकारी कागदाशी मराठीत बोलतो. चित्रांचं प्रदर्शन म्हणाल तर ते शाळेच्या गॅदरिंगला. वर्गातले बाक बाजूला सरकवायचे, भिंतीला जुन्या साड्या बांधायच्या आणि त्यावर पिनांनी चित्रं टोचायची.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत असंच प्रदर्शन होतं. चित्रं लावायला आणि नंबर काढायला मला बोलावलं होतं. आठवीतल्या एका मुस्लिम मुलीनं विठ्ठल काढला होता. विटेवर उभा, हात कमरेवर, डोळे किंचित झुकलेले. काळ्यात निळा मिसळून तिनं अंगाला अशी झाक आणली होती की येणारा जाणारा थबकत होता. पहिला नंबर तिचाच, यात मला शंका नव्हती.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी चित्रकलेचे सर आले, चित्रासमोर जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र झकास आहे हो. पण राहू द्या. उगाच कशाला?"

मी विचारलं, "कुणी काही म्हणालं का?"

"कुणी कशाला म्हणेल? पण बाहेरची माणसं येणार, मोबाईलवर फोटो काढणार, खालचं नाव वाचणार, ग्रुपवर टाकणार. तिनं सही बघा कुठं केलीय, पायाजवळ. एखाद्यानं त्याचाच काही अर्थ लावला तर? पोरीचं नाव कशाला चर्चेत आणायचं?"

सरांच्या मनात काही खोट नव्हती. ते तिच्या काळजीनंच बोलत होते. त्यांनी पिना काढल्या, चित्राची गुंडाळी केली आणि कपाटात ठेवली. पिनांची डबी माझ्या हातात होती. मी गप्प राहिलो.

संध्याकाळी तिची आई भेटली. "अच्छा हुआ सर निकाले," ती म्हणाली, "कल को कुछ हुआ तो कौन आता?" शेजारी मुलीचे मामू उभे होते. त्यांचं कारण निराळं होतं. "हमारे में ऐसे तस्वीरां नै निकालते."

म्हणजे एका चित्रावर तीन बाजूंनी नजर होती. एक बाहेरच्या अनोळखी माणसाची, जो अजून आलाही नव्हता. दुसरी संस्थेची, जिला वाद नको होता. तिसरी आपल्याच माणसांची. बंदी कुणीच घातली नव्हती. तक्रार नव्हती, नोटीस नव्हती, पोलीस नव्हते. चित्र मात्र भिंतीवर नव्हतं.

तेव्हापासून मला याच जिल्ह्यातला एक माणूस सारखा आठवतो. मकबूल फिदा हुसेन. जन्म १९१५, पंढरपूर. आई लहानपणीच गेली, कुटुंब इंदूरला गेलं, पुढं मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत रंगवत हा माणूस देशाचा चित्रकार झाला. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होता. राममनोहर लोहियांनी सुचवलं म्हणून हैदराबादला बद्रीविशाल पित्तींच्या साथीनं त्यानं रामायणावर चित्रांची मोठी मालिका केली. १९९१ साली पद्मविभूषण मिळालं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा क्रम लक्षात घ्यावा असा आहे. सरस्वतीचं ते रेखाचित्र १९७० च्या दशकातलं. वीस वर्षं त्यावर कुणी रागावलं नाही. १९९६ साली एका हिंदी मासिकानं ते छापलं, त्यासोबत हुसेन चित्रकार की खाटीक अशा अर्थाचा मथळा दिला, आणि मग भावना दुखावल्या. मुंबईत गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या गॅलरीत घुसून त्याची चित्रं जाळली. १९९८ साली मुंबईत त्याच्या घरावर हल्ला झाला. २००६ साली 'भारतमाता' म्हणून गाजलेल्या चित्रावरून गावोगावी खासगी फिर्यादी दाखल झाल्या. त्या फिर्यादींच्या गावांची यादी दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालात आहे: राजकोट, इंदूर, भोपाळ आणि पंढरपूर. ज्या गावात जन्मला, त्याच गावातून त्याच्यावर फिर्याद झाली.

८ मे २००८ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्या फिर्यादींतली कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल बदलला नाही. कायद्याच्या बाजूनं हुसेन जिंकला होता. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत देशाचा पहिला मोठा कलामेळा भरला, इंडिया आर्ट समिट, आणि त्यात हुसेनचं एकही चित्र लावलं गेलं नाही. कारण काय, तर सुरक्षा. 'सहमत' या संस्थेनं निषेध म्हणून त्याच्या चित्रांच्या प्रतिमांचं छोटं प्रदर्शन मांडलं, तर तिथं तोडफोड झाली.

इथं जरा थांबून बघा. न्यायालय म्हणतं, गुन्हा नाही. आयोजक म्हणतात, गुन्हा नसेल, पण उगाच कशाला? आमच्या सरांचं वाक्य आणि दिल्लीच्या मेळ्याचं वाक्य एकच आहे. २०१० साली हुसेननं कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी तो लंडनमध्ये गेला. कुठल्याही न्यायाधीशानं त्याला देशाबाहेर काढलं नव्हतं.

आता अलीकडचं बघू. २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दिल्लीच्या एका खासगी गॅलरीत, दिल्ली आर्ट गॅलरीत, हुसेनच्या शंभरावर चित्रांचं प्रदर्शन होतं. हजारो लोक पाहून गेले. त्यातल्या एका वकील बाईंनी दोन चित्रांचे फोटो काढले आणि पोलिसांत तक्रार केली. प्रकरण न्यायालयात गेलं. पोलिसांनी गॅलरीतलं सीसीटीव्हीचं चित्रण आणि ते साठवणारं यंत्र ताब्यात घेतलं. प्रदर्शन खासगी जागेत होतं आणि ती चित्रं चित्रकाराचं मूळ काम म्हणून लावली होती, असं पोलिसांच्या अहवालात होतं. तरी २० जानेवारी २०२५ रोजी न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोन्ही चित्रं जप्त करण्याचा आदेश दिला. पुढं गुन्हा नोंदवण्याची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही. म्हणजे गुन्ह्याची नोंद नाही, पण चित्रं मुद्देमाल झाली.

मला त्या कॅमेऱ्याचं फार वाटतं. गॅलरीत कॅमेरा कशासाठी असतो? चित्र चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे तो चित्राचा राखणदार. वेळ आल्यावर त्या राखणदारालाच चित्राविरुद्धचा साक्षीदार म्हणून उभं केलं. हल्ली आपल्या चौकाचौकात, मशिदीसमोर, मंदिरासमोर, शाळेच्या दारात कॅमेरे बसलेत. माझी त्याला सरसकट हरकत नाही. चोऱ्या पकडल्या जातात, पोरीबाळींना धीर येतो. पण कॅमेऱ्याला स्वतःचं मत नसतं. आज तो कुणाला राखतो आणि उद्या कुणाविरुद्ध बोलतो, हे ज्याच्या हातात त्याचं चित्रण आहे तो ठरवतो. आणि मोबाईल तर प्रत्येकाच्या हातातला कॅमेरा. प्रदर्शनात आलेला माणूस चित्र बघायला आलाय की चित्रावर नजर ठेवायला, हे आता चेहऱ्यावरून कळत नाही.

गंमत म्हणजे त्याच २०२५ च्या मार्चमध्ये हुसेनचं 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचं चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. जूनमध्ये मुंबईत त्याच्या २५ चित्रांचा लिलाव पोलीस बंदोबस्तात पार पडला. नोव्हेंबरमध्ये दोह्यात त्याच्या नावाचं अख्खं संग्रहालय उघडलं, 'लौह व कलम'. कोट्यवधींना विकायला हुसेन चालतो, तिजोरीत ठेवायला चालतो, परदेशात मिरवायला चालतो. अडचण होते ती फक्त इथल्या भिंतीवर, जिथं साधा माणूस फुकट येऊन बघू शकतो. पंढरपूरला मी दरवर्षी जातो. तिथं त्याच्या नावाची पाटी मला तरी कुठं दिसली नाही.

हे फक्त मुस्लिम चित्रकाराच्या वाट्याला येतं असं समजू नका. तसं समजणं सोपं आहे आणि आपल्याला सोयीचंही आहे, पण खरं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. बरवे म्हणजे 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे, अतिशय शांत, आतल्या आत बघणारे चित्रकार. त्यांच्या चित्रांवर रागवावं असं काहीही नाही. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. ते स्वतः जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले. बरवेंविषयी बोलता बोलता त्यांनी विचारलं, की या संग्रहालयात कुणाचं प्रदर्शन व्हावं हे ठरवणाऱ्या मुंबईच्या आणि बंगळुरूच्या स्थानिक कलावंतांच्या समित्या बंद का केल्या? निर्णय दिल्लीच्या मंत्रालयाकडं का गेला? त्यांना मंचावरूनच मध्येमध्ये थांबवलं गेलं. विषयाला धरून बोला, असं सांगितलं गेलं. शेवटी भाषण आटोपतं घेऊन ते खाली बसले.

इथं जमाव नव्हता, फिर्याद नव्हती, धर्मही नव्हता. फक्त एक संस्था होती आणि तिच्या भिंतीवर काय लागावं हे ठरवण्याचा अधिकार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला होता. चित्र उतरवण्यापेक्षा ही पद्धत जास्त सोयीची आहे. चित्र लावलंच नाही, तर उतरवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि न लागलेल्या चित्राची बातमी कोणता पेपर छापणार?

मग करायचं काय? याचं उत्तर मला सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडतं. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी या पंचविशीतल्या चित्रकाराचं प्रदर्शन होतं. खोजा घराण्यातला मुलगा, नुकताच पॅरिसहून आलेला. त्याच्या प्रेमीयुगुलांच्या चित्रांना पोलिसांनी अश्लील ठरवलं आणि ती उतरवायला सांगितलं. पदमसी म्हणाले, उतरवणार नाही. खटला झाला. कलेतल्या जाणत्यांनी त्यांच्या बाजूनं साक्षी दिल्या आणि ते सुटले.

याच पदमसींची आणि सूझाची काही चित्रं एका खरेदीदारानं परदेशातून मागवली, तेव्हा मुंबईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी ती अश्लील म्हणून अडवली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे अधिकाऱ्यांना पुन्हा सांगावं लागलं. तेच शहर, तोच चित्रकार, तोच प्रश्न, सत्तर वर्षांनी. फरक एवढाच की नाही म्हणणारा चित्रकार तोवर या जगात नव्हता.

१९५४, २००८, २०२४. न्यायालयात बहुतेक वेळा चित्र जिंकलंय. पण निकाल येईपर्यंत भिंत रिकामीच राहते, आणि ती रिकामी ठेवण्याचं काम कायद्यानं नाही, सावध माणसांनी केलेलं असतं. ते गॅलरीचे मालक असतात, संचालक असतात, मेळ्याचे आयोजक असतात, चित्रकलेचे सर असतात. आणि पिनांची डबी धरून उभा असलेला माझ्यासारखा कुणी असतो.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. हुसेनसाठी आपल्याला वाईट वाटतं, ते बरोबरच आहे. पण २००४ साली त्याच्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका कव्वालीवर हरकत कुणी घेतली? कुरआनातले शब्द प्रेमगीतात घेतले म्हणून आपल्याच संघटनांनी. हुसेननं वाद न घालता सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. २०१५ साली मुंबईच्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी पॅरिसच्या 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. चूक झाली म्हणून त्यांनी माफी मागितली. तरी वेगवेगळ्या ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली, वर्तमानपत्राची ती आवृत्ती बंद पडली. हुसेनवर गावोगावी फिर्यादी करणाऱ्यांची जी रीत, तीच आपण वापरली. दळवींवर कलम २९५-अ लावलं. ज्या दोरीनं आपल्या माणसाला बांधलं म्हणून आपण ओरडतो, ती दोरी आपण दुसऱ्याच्या हातून काढून घेत नाही, आपलं टोक घट्ट धरून ठेवतो.

यावर कुणी म्हणेल, मग भावनांना काहीच किंमत नाही का? आहे. मलाही रसूलच्या बाबतीत हलकं बोललेलं सोसत नाही, आणि माझ्या हिंदू मित्राला त्याच्या देवीचं एखादं चित्र सोसत नसेल तर मी त्याला खोटा म्हणणार नाही. त्यानं ते चित्र बघू नये, त्याविरुद्ध लिहावं, बोलावं, शांतपणे निषेध करावा. माझ्या घरात कुठली तस्वीर लावायची नाही हा माझा हक्क आहे. आपल्याकडं चित्राबद्दल जो धार्मिक विचार आहे, तो मानणाऱ्यानं खुशाल मानावा. पण दुसऱ्याच्या भिंतीवरचं चित्र उतरवायला पोलीस पाठवणं ही भावना नव्हे, ती सत्ता आहे. द्वेष पसरवणं, माणसं मारा म्हणून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि त्यासाठी कायदा असावाच. पण हुसेनच्या कुंचल्यानं कुणाला मारा असं सांगितलं नव्हतं.

आणि नजर ठेवण्याबद्दल म्हणाल, तर आपल्या दीनमध्ये त्याला एक शब्द आहे, तजस्सुस. दुसऱ्याच्या मागावर राहणं, त्याचे दोष हुडकत फिरणं. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये त्याची साफ मनाई आहे, आणि त्याच ओळीत वाईट संशय घेण्याचीही. सरकार आपल्यावर नजर ठेवतं तेव्हा आपल्याला ही आयत आठवते. आपण शेजारच्या पोरीच्या चित्रावर, तिच्या कपड्यांवर, तिच्या फेसबुकवर नजर ठेवतो तेव्हाही ती आठवायला हवी.

मामूंना मी नंतर एक गोष्ट सांगितली. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातले मुसलमान. त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांत बसवलं. त्यांनी आपला धर्म लपवला नाही आणि विठ्ठलाच्या भाषेत बोलायला ते कुणाच्या परवानगीसाठी थांबले नाहीत. या मातीत असं झालेलं आहे. कर्नाटकातून पंढरपूरला जाणारे वारकरी आमच्या बाजूनं जातात, तेव्हा त्यांना पाणी देणारी मुस्लिम घरं मी लहानपणापासून बघतोय. त्या घरातल्या पोरीला विठ्ठल काढावासा वाटला, यात नवल काय? मामूंनी ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते बोलले नाहीत.

ती मुलगी आता नववीत आहे. परवा तिची वही बघितली. डोंगर, दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, नदी, नारळाचं झाड. हात तसाच तयार आहे, रंग तसेच सुंदर. मी विचारलं, "माणसं का काढत नाहीस?" ती म्हणाली, "हे बरंय ना सर. ह्यात कुणी काही म्हणत नाही."

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला एवढं शिकवायला एक अर्धा तास आणि चार पिना पुरल्या. आपण तिला काय शिकवलं, तर चित्र काढण्याआधी ते कोण बघेल याचा विचार कर. हुसेनला हे शिकवायला या देशाला पंधरा वर्षं लागली, आणि तरी तो शिकला नाही.

या वर्षीही गॅदरिंग आहे. सरांनी पुन्हा बोलावलंय. मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय, की तिचं जुनं चित्र कपाटात असेल तर काढून ठेवा. कुणी विचारलं की हे कुणी लावलं, तर मुलीचं नाव सांगू नका, शाळेचंही नको. माझं सांगा. सर हसले, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पिना मी घेऊन जाणार आहे.